नवा ड्राइव्ह बसला, पण लॅपटॉपला दिसेना

शुक्रवारी सकाळी पंचवटीतल्या घरी मी बाबांचा लॅपटॉप उघडून बसले होते... उघडून म्हणजे, पाठीमागचे सगळे स्क्रू काढून.

बाबा पौरोहित्य करतात. हल्ली परदेशातले यजमान व्हिडिओ कॉलवर विधी करतात, आणि नेमका संकल्प सुरू झाला की हा म्हातारा लॅपटॉप मान टाकतो. मला तर कुठलीच गोष्ट हळू चाललेली बघवत नाही. म्हणून नवा एसएसडी ड्राइव्ह मागवला... फोटो बघितला, आकार तोच वाटला, घेतला!

खाचेत छान बसला. स्क्रूही लागला. पण लॅपटॉपला तो दिसेचना... मग मॉडेल नंबर टाकून नेटवर शोधलं, जे आधी करायला हवं होतं. या जुन्या मॉडेलला फक्त साटा प्रकारचा ड्राइव्ह चालतो, आणि मी आणला होता एनव्हीएमई. दिसायला दोघं जुळी भावंडं, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही.

"अगं, स्थळ आलं की आधी पत्रिका मागवतात," बाबा म्हणाले. "तू थेट हळदच लावलीस."

मला हसू येईना. थोड्याच वेळात जर्मनीतल्या एका मुलाला त्याच्या आईचं वर्षश्राद्ध करायचं होतं. रजा मिळाली नाही म्हणून तिथूनच. फोनवर भागलं असतं, पण जानवं कुठल्या खांद्यावर आहे ते बाबांना तेवढ्याशा स्क्रीनवर दिसत नाही.

जुनी हार्ड डिस्क घाईघाईने परत बसवली. एक स्क्रू घरंगळत कपाटाखाली गेला... जाऊ दे. बटण दाबलं, आणि ते गोल चक्र फिरत बसलं. मी उठतेय, बसतेय, उगाच चार्जर हलवून बघतेय...

बाबांनी शांतपणे त्या मुलाला फोन लावला. "अरे, जरा थांबावं लागेल. तोवर सांग, पानात काय वाढणार आहेस? आईला काय आवडायचं?"

तो आधी अडखळला. मग बोलतच सुटला... अळूच्या वड्या, गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, भाजीबाजारातली तिची घासाघीस, रागावली की भांडी आपटणं. हसता हसता एकदम रडायला लागला. फोनमधून नुसते हुंदके ऐकू येत होते.

इकडे लॅपटॉप सुरू झाला होता. मी घाईने बोट दाखवलं. बाबांनी हातानेच मला थांबवलं.

विधी नीट पार पडला. निरोप घेताना तो म्हणाला, "गुरुजी, आई गेल्यापासून तिच्याबद्दल असं कोणी विचारलंच नव्हतं."

साटाचा ड्राइव्ह आता मागवलाय, सगळं तपासून. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये... त्या दिवशी माझा ड्राइव्ह चालला असता, तर लॅपटॉप झटकन सुरू झाला असता, श्राद्ध वेळेत उरकलं असतं, आणि तो मुलगा न रडताच ऑफिसला गेला असता.