वाघोबाची भिंत

माझं तोंड जरा जास्तच चालतं, हे घरचे मला लग्नाआधीपासून सांगत आलेत. मी कधी मनावर घेतलं नाही. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीच्या लॅबमध्ये मी वीस-बावीस वर्षं काढली आणि तिथे तोंड चाललं नाही तर बाईमाणसाला कोणी हिंग लावून विचारत नाही. पण मामांच्या गावच्या त्या सभेत मी हाताची घडी तोंडावर बोट करून बसले असते तर बरं झालं असतं. हे आता रोज वाटतं, आणि रोज वाटून उपयोग शून्य.

मामांचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. आम्ही बदलापुरातच बेलवलीत राहतो, तिथून स्कूटीने अर्धा तास. मामांची भाताची खाचरं खाली आहेत आणि वर उतारावर वरकस, म्हणजे जिथे भात होत नाही, नुसतं गवत वाढतं अशी जमीन. त्या वरकसातून एक ओहोळ उतरतो आणि रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जातो. वर डोंगर, रस्त्यापलीकडे धरणाचं जंगल, आणि दोघांच्या मध्ये ही एवढीशी मोरी. मी लहान असताना मामा मला ओहोळाच्या कडेला उभं करून सांगायचे, ही त्याची वाट. त्याची म्हणजे बिबट्याची. मामा नाव घेत नाहीत, अजूनही नाही.

मोरीच्या अलीकडे गावाच्या गुरचरणीत ऐनाचं झाड आहे आणि झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. तो आमचा वाघोबा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गावातले आणि वरच्या ठाकरवाडीतले लोक तिथे जमतात, नारळ फोडतात, भाताचा नैवेद्य दाखवतात आणि त्याला सांगतात की आमची गुरं राख, आमची पोरं राख, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. एवढाच करार. त्याच्यावर छप्पर कधी नव्हतं, बाजूला एक वीटही नव्हती. आम्हाला त्यात काही कमी आहे असं वाटलंही नव्हतं.

माझ्या लॅबमधली एक मैत्रीण सुट्टीच्या दिवशी डोंगर हिंडते. जनावरं एका जंगलातून दुसऱ्या जंगलात कुठून जातात त्या वाटा शोधायच्या, नकाशावर मांडायच्या आणि गावांनाच त्यांची राखण करायला सांगायची, असं तिचं आणि तिच्या मंडळींचं काम. त्या वाटांना ती कॉरिडॉर म्हणते. एकदा डबा खाताना ती सांगत होती की धरणाच्या रस्त्याला जनावरं नेमकी कुठे ओलांडतात तेच कळत नाही. मी म्हटलं, चल गं, माझे मामा तुला चहा पाजता पाजता सांगतील. आणि सांगितलंही त्यांनी. तिने मोरीशी कॅमेरा बांधला, तो आठव्या दिवशी कोणीतरी लंपास केला. तेव्हा मामांनीच तोडगा काढला. चुलीतली राख आणि ओहोळाची माती तांदळाच्या चाळणीने चाळून त्यांनी वाटेवर आडवी पट्टी पसरली, हातभर रुंद. सकाळी जाऊन ठसे बघायचे, मग झाडूने पुन्हा सारखं करायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण एक सकाळ चुकवली नाही.

मामा मला फोनवर सांगायचे आणि दर रविवारी मी ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. ग्रुपमध्ये गावातले लोक होते, ठाकरवाडीतल्या बायका होत्या, मैत्रीण होती. तिचा एक नियम होता: गावाने बघितलं आणि गावाने सगळ्यांसमोर लिहिलं तेवढंच नकाशावर जाईल. खासगीत कानात सांगितलेलं चालणार नाही. नियम चांगला होता, मीच त्याचं कौतुक केलं होतं.

काय काय यायचं त्या राखेवर! ससे, साळिंदर, रानडुकरं, एकदा भेकर. आणि एका फेब्रुवारीत मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच लागला. मोठे ठसे होते आणि त्यांच्या बाजूला छोटे, पाऊल पावलाला लागून. आई आणि पिल्लू. मैत्रिणीने नकाशावर डोंगरापासून जंगलापर्यंत हिरवी रेष काढली, ती बरोबर मामांच्या वरकसातून जात होती. मी तो नकाशा लॅमिनेट करून नेला. मामांनी तो कालनिर्णयाच्या शेजारी खिळ्याला टांगला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागले. मला इतका आनंद झाला होता की मी परतताना स्कूटीवर मोठ्याने गात आले.

आजूबाजूची जमीन मात्र भराभर जात होती. वरकसाच्या डावीकडे बंगल्यांचे प्लॉट पडले, उजवीकडे तारेचं कुंपण लागलं. मामांची मुलं म्हणायची, आपण तरी कशाला धरून बसायचं. मामा त्यांना एकच सांगायचे, की बाळंतिणीची वाट अडवीत नाय. त्यावर मुलं आपापल्या कामाला लागायची. मग बातमी आली की प्लॉटवाल्यांना गुरचरणीतून आपला रस्ता काढायचाय आणि मोरीच्या तोंडाशी गेट बसवायचंय. आम्ही वनखात्यात गेलो. साहेब चांगले होते, त्यांनी चहा पाजला आणि जमीन आमची नाही म्हणाले. जिची होती त्या कचेरीत गेलो, तिथे चहाही मिळाला नाही.

म्हणून शाळेत गावसभा भरली. सगळे हातपाय गाळून बसले होते. आणि मी उठले. मी म्हटलं, वाघोबाची जागा पक्की करा. ओटा बांधा, पाटी लावा. देवाच्या जागेला कोणी हात लावत नाही.

टाळ्या पडल्या हो! मला भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर मामा पायरीवर बसले आणि हळूच म्हणाले, "त्याच्यावर छप्पर घालीत नाय बाय. त्याला आभाल लागतं." मी म्हटलं, मामा, छप्पर कोण घालतंय, नुसता ओटा. ते उठून आत गेले.

ओट्याला लाद्याही मीच आणल्या, तेही सांगून टाकते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक टाइल्सवाले काका आहेत, आमच्या बाथरूमच्या लाद्या त्यांच्याकडूनच घेतल्या होत्या. त्यांना सहज विचारलं, तर ते म्हणाले, "दीदी, भगवान का काम है, मना कैसे करूँ?" दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माल गावात. त्यांना मी कधीच दोष देणार नाही, त्यांनी पांढऱ्या लाद्या वेचून पाठवल्या होत्या आणि नारळ फोडायला स्वतः आले होते. आणि डाव साधलाही. प्लॉटवाल्यांनी गेटचा विषय सोडला, रस्ता दुसरीकडून वळवला. देवाच्या वाटेला जायचं धाडस त्यांनाही झालं नाही. मी लॅबमध्ये पेढे वाटले.

मग पाऊस लागला. पावसात राखेची पट्टी टिकत नाही, त्यामुळे ठसे बंद. गणपतीनंतर आमच्याकडे ऑडिट निघालं आणि माझं गावी जाणंच झालं नाही. मामा फोनवर म्हणायचे, देवाचं काम चालू हाय. मी म्हणायची, वा वा. अक्कल कुठे चरायला गेली होती माझी, देव जाणे. ज्या माणसाने छप्पर घालीत नाय म्हणून सांगितलं, तो काम चालू हाय एवढंच बोलतोय आणि पुढे गप्प होतोय, हे मला कळू नये?

गेले तेव्हा बघतच राहिले. पांढऱ्या लाद्या पावसात शेवाळून कोणी घसरायला नको म्हणून वर पत्र्याची शेड. शेडमध्ये कुत्री-शेळ्या येऊन घाण करायला नकोत म्हणून भोवती भिंत. चांगली पुरुषभर उंच, ऐनाच्या झाडापासून थेट रस्त्यापर्यंत, ओहोळाला आडवी. मोरीचं तोंड भिंतीच्या आत गेलेलं. खांबावर हॅलोजन, शेडवर भोंगा. एका गृहस्थांनी मला कौतुकाने भिंतीचा तळ दाखवला. पाण्याला जागा ठेवली हाय ताई, म्हणाले. जागा म्हणजे पाइप होता. फार तर मांजर गेलं असतं त्यातून.

मी पुन्हा सभा मागितली. पुन्हा तीच शाळा, तीच माणसं. मी हात जोडून सांगितलं की जागा राहू द्या, शेड राहू द्या, फक्त मोरीसमोरची चार हात भिंत काढा, आईच्या मागे पिल्लू आहे. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गावातले एक जाणते आजोबा उठले आणि अगदी मायेने म्हणाले, "ताई, देवाच्या जागेला हात लावायचा नसतो. तुम्हीच तर सांगितलंत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की मी परीक्षा बघतेय आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलंय. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कोणावर काढायचा तर माझ्याच थोबाडावर. मैत्रीण त्यांच्या घरोघर फिरली, वनखात्याचे साहेब एकदा येऊन गेले. देवाची भिंत पाडा असं तोंडातून काढायला कोणी तयार होईना. मामांना सभेत विचारलं तर ते म्हणाले, माझ्या जमिनीत असती तर मी पाडली असती. ते खरं होतं, पण भिंत गुरचरणीत होती.

वाघबारशीला मी सकाळीच पोचले. मामा वरकसाच्या बाजूने भिंतीशी उकिडवे बसले होते. पाऊस सरल्यावर त्यांनी पुन्हा राख-माती चाळून पट्टी घातली होती, या वेळी भिंतीला धरून लांबच लांब. तिच्यावर ते दोघं होते. मोठे ठसे, छोटे ठसे. ओहोळातून खाली आलेले, भिंतीशी थांबलेले, भिंतीच्या कडेने झाडापर्यंत गेलेले, परत आलेले, पुन्हा गेलेले. आई एकटी असती तर उडी मारून गेलीही असती. पिल्लाच्या मागच्या पायांनी एका ठिकाणी माती उकरली होती आणि भिंतीवर हातभर उंचीला नखांचे ओरखडे होते. शेवटी दोघांचे ठसे बाजूच्या भरावाने वर रस्त्याकडे गेले होते. त्या रस्त्यावरून दिवसरात्र डंपर जातात.

मी फोटो काढायला मोबाइल काढला. मामांनी माझा हात धरला. त्यांनी काय ते थोडक्यात सांगितलं: आता इथे बायापोरं आरतीला येतात, ठसे दिसले तर लोक घाबरतील आणि पिंजरा मागवतील, आणि पिंजऱ्यात आई गेली तर पिल्लू संपलं. मी मोबाइल परत पर्समध्ये टाकला. आजवर ज्या हातांनी त्यांनी ठसे उमटावेत म्हणून माती चाळली, त्याच हातांनी ते पुसायला लागले. मला म्हणाले, "पूस बाय." मी पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. ओढणीने नखांचे ओरखडेही पुसून बघितले, ते गेले नाहीत, तेव्हा त्यांच्यावर चिखल फासला.

थोड्या वेळाने लोक आले. भोंगा सुरू झाला, नारळ फुटले, नैवेद्य दाखवला. मग सगळ्यांनी हात जोडले आणि नेहमीचं गाऱ्हाणं झालं, की आमची गुरं राख, आमची पोरं राख, तू तुझ्या वाटेने जा. मी आणि मामा मागे उभे होतो. मामांच्या हाताला राख तशीच होती.

त्या रविवारी ग्रुपवर मैत्रिणीने विचारलं, मोरीशी काही दिसलं का. ग्रुपमध्ये सगळं गाव. मी लिहिलं, निरंक. लॅबमध्ये काही सापडलं नाही की आम्ही तेच लिहितो. तिला मी बाजूला घेऊन खरं सांगितलं, ती रडली, पण नियम तिला मोडवेना आणि मलाही मोड म्हणवेना. पुढच्या रविवारी पुन्हा निरंक. तिसऱ्या रविवारीही काही नसेल तर नवीन नकाशात रेष वरकसाच्या वर तोडावी लागेल, असं तिने सांगून ठेवलं होतं. आणि रेष तुटली की मुलांना वरकस विकण्यापासून अडवायला मामांकडे काही उरणार नव्हतं, हे मामांनाही माहीत होतं आणि मलाही.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी मामांना फोन केला. पट्टी बघितली का, विचारलं. ते म्हणाले, बघितली आणि पुसली. मी विचारलं, आली होती का?

"आली होती," मामा म्हणाले. "आज एकटीच होती."

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर निरंक लिहिलं.