सोडलेल्या चेंडूची पैज

पैज लावली मीच. आमची चौदा वर्षांची लेक इथे न्यूझीलंडला, अप्पर हटमध्येच जन्मली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. सॉफ्टबॉल खेळायला लागल्यापासून तिला अमेरिकेतल्या बेसबॉलचं वेड लागलंय. दर रविवारी तीन वाजता मी तिला मराठीच्या वर्गाला नेते आणि ती वाटभर तोंड फुगवून बसते. त्या रविवारी मी वैतागून म्हणाले, "आज बाराच्या मॅचवर पैज. मी जिंकले तर महिनाभर घरात फक्त मराठी. तू जिंकलीस तर क्लास बंद."

"फॉर गुड?"

"कायमचा."

बोलून गेले खरी. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

संघ आधी मी निवडणार होते. लॅपटॉपवर आकड्यांचे रकानेच्या रकाने होते, पण मी कशाला घाबरते? क्रिकेटवर वाढलेली बाई मी. पुण्याला पेपर आला की आधी शेवटचं, खेळाचं पान उघडायचे. ज्या संघाचं बॅटिंग ॲव्हरेज जास्त तो माझा, विषय संपला.

"आई, ॲव्हरेज इज यूसलेस. लुक ॲट ऑन-बेस."

मग तिने मला समजावलं. बॅटच्या टप्प्याबाहेरचे चार चेंडू न मारता सोडले, की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो. हे ॲव्हरेजमध्ये धरतच नाहीत, ऑन-बेसमध्ये धरतात. आणि माझ्या संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, असे चेंडू खिरापतीसारखे वाटत होता. मी खो खो हसले. वाइडचं श्रेय फलंदाजाला? आमच्यात ते अवांतर धावांत जातं!

खरं तर मी फार्मसिस्ट. लहान मुलाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, हे रोज काउंटरवर सांगते. नेमका कुठला आकडा बघायचा हे मला कळायला हवं होतं.

मॅच काय रंगली! बाहेर दरीत धुकं होतं, हीटर लावलेला होता, आणि आम्ही दोघी सोफ्याच्या कडेवर. शेवटच्या डावात बरोबरी झाली. तिच्या संघाची बॅटिंग, तिन्ही बेस भरलेले. आता फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर गेला, तर सगळे एकेक बेस सरकणार आणि तिसऱ्यावरचा होम बेसवर पोचून धाव होणार, मॅच संपणार. बॅटिंगला आला तो संघातला सर्वात कमी ॲव्हरेजवाला. मी टाळ्याच वाजवल्या.

तीन वाईट चेंडू त्याने सोडले, दोन हुकले; आता चौथा वाईट सोडला तर जीत, तिसरा हुकला तर बाद. शेवटचा चेंडू सुटला आणि माझी लेक सोफ्यावर उभी राहून किंचाळली, "सोड! सोड, सोड ना रे, कशाला हात घालतोस!"

शब्द न् शब्द माझा. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला कुणी बॅट लावायला गेलं, की मी टीव्हीसमोर हेच ओरडते, ती रांगत होती तेव्हापासून.

त्याने सोडला. चेंडू गुडघ्याच्याही खालून गेला, चौथा वाईट चेंडू. मी हरले.

ती घरभर नाचत होती आणि माझे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, हरल्यामुळे. आपण मराठीत ओरडलो हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तीन वाजले, गाडीची चावी खुंटीलाच राहिली, आणि मी विचारलं, "पुढची मॅच कधी आहे गं?"