घोडा कुणाचा

भवानी पेठेतल्या माझ्या घरात, पुढच्या खोलीत, दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण लढाया खेळतो. प्लायवूडचं टेबल, त्यावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे घोडेस्वार, फासे आणि मोजपट्टी. माझी बायको यशोदा याला म्हाताऱ्यांची भातुकली म्हणते, पण चहा वेळेवर देते. खेळायचं तर प्रत्येक फौजेची यादी लागते: कुठलं दळ किती, चिलखत जड की हलकं, मार बसला की टिकणार की पळणार, आणि त्यावरून वर्ग पहिला, दुसरा की तिसरा. परदेशी पुस्तकांत आपल्या दख्खनच्या फौजा दोन पानांत उरकलेल्या, म्हणून आम्ही स्वतःची यादी करायला घेतली. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. तेव्हा लिहिणार मीच, आणि माझं लिहिलेलं कुणी खोडलेलं मला खपत नाही.

धर्मपाल आमच्यातला रंगारी. एका खाजगी रुग्णालयात त्यानं बावीस वर्षं कंत्राटावर अ‍ॅम्ब्युलन्स चालवली होती. ती नोकरी का गेली असं कुणी विचारलं की तो खाली बघून ब्रश धुवायला लागायचा. घोड्याच्या अंगावरच्या चिलखताची एकेक कडी तो भिंगाखाली रंगवायचा. "धर्मपाल, लढाई संपून फौजा घरी गेल्या, तुमचा घोडा अजून नटतोच आहे," अशी मी त्याची थट्टा करायचो. तो हसायचा, पण हाताला घाई करू द्यायचा नाही.

भाडोत्री जड घोडदळाचं पान मी मार्चमध्ये लिहिलं. आमच्या यादीतले हे स्वार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं चिलखत घेऊन चाकरीला येणारे. मी लिहिलं: चिलखत उत्तम, हत्यार उत्तम, वर्ग तिसरा, बेभरवशाचे. मी पान वाचून दाखवलं तसा धर्मपालनं ब्रश खाली ठेवला.

"सर, माझी हरकत हाय."

आमच्यात आल्यापासून वर्षभरात तो माणूस पहिल्यांदाच हरकत घेत होता. मला राग आला, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे हरकतीचा एक रिवाज आहे. हरकत घेणाऱ्यानं उलट्या बाजूनं खेळायचं. जे दळ टिकेल असं त्याचं म्हणणं, तेच त्यानं मोडायला बघायचं, म्हणजे स्वतःच्या म्हणण्यासाठी कुणी लबाडी करत नाही. रिवाज माझाच. पुढच्या रविवारी भाडोत्री स्वार माझ्याकडे आले आणि धर्मपाल त्यांच्या समोर उभा राहिला.

तो मात्र मन लावून खेळला. त्यानं भाले माणसांवर नाही, घोड्यांवर धरले. पहिल्याच टकरीत माझे दोन घोडे गेले. उरलेले मी लगेच मागे घेतले, फळी उघडी पडली आणि तासाभरात माझी फौज संपली. धर्मपाल लढाई जिंकला, म्हणजे हरकत हरला.

"झालं की सिद्ध," मी म्हणालो. "बेभरवशाचे."

"तुमी मागं का घेतलं, सर?"

"बाकीचे घोडेही गेले असते."

"व्हय. अन् घोडं त्यांचं सोताचं. गेलं तर दुसरं कोन देनार हुतं? घोडं गेलं की चाकरी गेली. भ्यालं म्हणून न्हाय फिरलं त्ये."

मग तो टेबलाकडे बघतच बोलत राहिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो रोज गाडी काढत होता. त्याच्या जोडीचा कंत्राटी ड्रायव्हर प्रदीप त्यात गेला. त्या रुग्णालयात कायम नोकरीवाल्यांना विमा होता, कंत्राटवाल्यांना नव्हता. प्रदीपच्या घरी साहेबांनी एक हार पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मपालची बायको शालन त्याची वाट अडवून उंबऱ्यात बसली ती उठेचना. तो दिवस तो कामावर गेला नाही. बावीस वर्षांतला तो एक दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला, तर गाडीची किल्ली काढून घेऊन त्याच्या हातात कागद ठेवला.

"त्यावर ह्येच लिवलं हुतं, सर. बेभरवशाचा."

मला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षं पोरांना सांगत आलो की माणसाला त्याच्या काळात उभं करून बघा, आणि इथे शेकडो माणसांना मी चार शब्दांत निकालात काढलं होतं.

"त्या दिवशी काय असतं तर गेला असतात?" मी विचारलं.

"एक कागद. मला काय झालं तर शालनला आमी बगू, येवढाच. मग तिनंच डबा भरून दिला असता की."

रिवाजाप्रमाणे हरकत संपली होती. मी पुन्हा डाव मांडला. सगळं तेच ठेवलं, फक्त एक नियम वाढवला: घोडा पडला तर मालक दुसरा देईल. धर्मपालनं याही वेळी दयामाया केली नाही. पुन्हा दोन घोडे पडले. मी उरलेले पुढे घातले. फौज हरलीच, पण भाडोत्री स्वार शेवटच्या घोड्यापर्यंत मागे फिरले नाहीत.

मी वही ओढली आणि माझंच लिहिलेलं खोडलं. खाली लिहिलं: वर्ग पहिला. मालकानं घोड्याची हमी दिली नसेल, तर पहिल्या नुकसानीनंतर मागे फिरतात; दोष मालकाच्या खाती. वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं भिंग धरून सावकाश वाचलं, परत एकदा वाचलं.

"लई झालं, सर," तो म्हणाला. ब्रश उचलून त्यानं अर्धवट राहिलेला घोडा पुढ्यात घेतला. "हितलं तुमी खोडलं. पर डायवरकी मागाया कुटंबी गेलो, की समदी तितला, दवाखान्याचाच कागद मागत्यात."