वाटीतले तांदूळ

जवळा बाजारात टायपिंगचं दुकान टाकायचं म्हणून बापानं शेळ्या विकून मला एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. दसरा झाला आणि तो बिघडला. सुरू व्हायचा, जरा धीर द्यायचा आणि गपकन बंद पडायचा. बाप रोज म्हणायचा, "शेळी असती तर आतापर्यंत व्याली असती."

शेवटी हिंगोलीहून एक मेकॅनिक एसटीनं आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दारात चपला काढून त्यानं आईकडं स्क्रू ठेवायला वाटी मागितली आणि शेळीचं पोट बघावं तसा कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसला. मग झाकण काढलं आणि हसायलाच लागला. आतल्या पंख्यात कुंकू लावलेले तांदूळ अडकले होते. पंखा फिरत नव्हता, म्हणून यंत्र तापून बंद पडत होतं. खंडेनवमीला आईनं विळ्या-कोयत्यांबरोबर त्याचीही पूजा केली होती. पुढची एक पट्टी निघालेली होती, तिथून अक्षता आत गेल्या.

आईचा चेहरा उतरला. चिमट्यानं दाणे वेचून वाटीत टाकत तो म्हणाला, "पूजा बराबर हाय, माय. पण देवाला निवद दाखवतेत, तोंडात कोंबत न्हाईत."

आई हसली. बापसुद्धा हसला.

कॉम्प्युटर सुरू झाला, चालूच राहिला. निघताना त्यानं वाटीतले तांदूळ कागदात बांधून खिशात घातले.

"ते काहून?" मी विचारलं.

तो म्हणाला, "माझ्या दुकानातला एक कशानंच सुरू होऊन न्हाई राहिला."