शालिनीच्या वजनाने बसलेले नट

माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट आवळायला बायको लागते.

आणि माझी बायको जाऊन आज वर्ष झालं.

हसू नका, खरं सांगतोय.

ट्रॅक्टर आमच्या लग्नाहून जुना. धामनोदच्या एका माणसाकडून घेतला, तेव्हाच या चाकाचे मूळ नट गेलेले होते. त्या भल्या माणसाने लोहाराकडून आठ नवे घडवून घेतले होते. लाडवाएवढे मोठे, चार बाजूंचे, आणि चारही बाजू वेगवेगळ्या. सरदारपूरच्या बाजारातला एक पाना त्यांना बसेल तर शपथ!

म्हणून पानाही लोहाराचाच. तोसुद्धा धड बसत नाही, सटकतो. एकाने तो दोन्ही हातांनी नटावर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पान्यात घातलेल्या लांब पाइपवर उभं राहायचं.

दाबणारा मी. उभी राहणारी शालिनी.

देवासची मुलगी. पहिल्यांदा सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, काहीतरीच काय! आमच्या देवासला बायका असल्या कसरती करत नाहीत."

"आमच्या धारलाही करत नाहीत. चढ."

पदर खोचला, मडगार्ड धरलं, आधी स्टूलवर आणि मग पाइपवर.

"झालं?"

"अजून."

"आता?"

"थोडं अजून."

मग नट 'कट्ट' वाजायचा आणि मी म्हणायचो, "उतर, झालं."

तीस वर्षं आमचं हेच संभाषण. दुसरं फार बोललोच नाही की काय, असं हल्ली वाटतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तापाने पडलो होतो. तिने जावेला पाना धरायला लावलं आणि सगळे नट एकामागून एक, ओळीने आवळले. खरं तर एक आवळला की त्याच्या समोरचा घ्यायचा असतो, नाहीतर चाक तिरकं बसतं. मंडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर असा डुलायला लागला की ट्रॉलीतले लोक उड्या मारून पळाले.

घरी येऊन मी जाम भडकलो. बाईसाहेब शांत. "पंगतीत वाढताना मधल्याला सोडून पुढे जातात का हो? मी आपलं ओळीने घेतलं."

कपाळ! सगळे नट सैल केले आणि तिला पुन्हा पाइपवर चढवलं.

पण त्यानंतर नट माझ्यापेक्षा तीच जास्त सांभाळायला लागली. मारुतीचा शेंदूर तेलात कालवायची आणि आवळलेल्या प्रत्येक नटावरून खाली चाकापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सकाळी तुळशीला पाणी घातलं की ओल्या हातानेच चाकाकडे जायची.

"आठही जागेवर आहेत. जा तुम्ही."

हे ऐकल्याशिवाय मी कधी ट्रॅक्टर सुरू केला नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे आवळले. तेव्हाच तिला धाप लागत होती. मी म्हणालो, राहू दे. म्हणाली, "राहू दे काय? पेरणीला चाक निघालं म्हणजे?" आठव्या नटाला मडगार्डवर डोकं टेकून उभी होती. मला वाटलं, दमली असेल.

गाढव आहे मी. दिवाळी झाली आणि ती गेली. इंदूरच्या इस्पितळात तीन दिवस, बस.

वर्षभर त्या नटांना मी कुणाला हात लावू दिला नाही. रोज सकाळी रेघा बघत होतो. एकही तुटली नाही. ती घरात नव्हती, पण तिचं वजन त्या आठ नटांवर होतं. बाकी सगळ्या घरात मला ती कुठेच सापडत नव्हती.

आज सकाळी आठव्याची रेघ तुटलेली दिसली. बोटभर सरकला होता.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, बेच डालो ना अब. किसके लिए रखा है?"

मी म्हटलं, बरं. आणि फोन ठेवला.

शेजारचा मुकेश भिया कुंपणावरून बघत होता. "काका, मैं चढ़ जाऊं क्या? इत्ता क्या सोच रिये हो?"

चांगला माणूस आहे. नव्वद किलो तर असेलच. पण त्या पाइपवर तो उभा राहिलेला मला बघवलं नसतं. त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. चुकलंच माझं, पण नाही जमलं.

एकट्याने करून बघितलं. पाना सटकला, बोटांची सालटं निघाली.

मग धान्याचा वजनकाटा बाहेर काढला. दोन पोत्यांत सोयाबीन भरलं, मोजून एक्क्याऐंशी किलो. इस्पितळाच्या कागदावर तेवढं लिहिलं होतं. मला ती जन्मभर सत्तर सांगत आली.

पाइपचं टोक तिच्या स्टूलवर टेकवलं, पोती दोन्ही बाजूंना बांधली, पाना दाबून धरला आणि पायाने स्टूल ढकललं.

पाइप हळूहळू खाली आला.

"झालं?" कुणी विचारलं नाही.

नट 'कट्ट' वाजला.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "उतर, झालं."

पोती तशीच लटकत होती.

पोती सोडली, पाना काढला. मग शेंदूर कालवला. सात रेघा तिच्या सरळ, आठवी माझी वाकडी.

शालिनी, आठही जागेवर आहेत. उद्या गहू पेरतोय.

प्रत्येक सणाला तू माझ्या पाया पडायचीस. आज माझा तुला नमस्कार.