गोठ्यातली वल्ही

भीमेच्या शिरूरकडच्या काठावर हरिबा भोई तीस वर्षं नाव चालवत होता. पलीकडं दौंड तालुका. बाजाराला, आगगाडीला निघालेलं माणूस त्याच्याच नावेतून जायचं. पंचाहत्तरच्या श्रावणात, बारा उतारू घेऊन निघालेला असताना, भर धारेत त्याच्या छातीत कळ आली. दातांवर दात रोवून त्यानं नाव काठाला लावली, माणसं उतरवली आणि मगच चिखलात बसकण मारली.

दौंडच्या डॉक्टरांनी महिनाभर खाटेवर ठेवलं. सोडताना म्हणाले, "हृदयाचा एक कोपरा कामातून गेलाय, हरिबा. आता वल्हं धरायचं नाही. सावकाश चालत जा, तेवढं पुरे."

तो चालला. पण वाटेत भेटेल तो हळहळायचा, ते त्याला सोसेना. दंडही वाळत चालले. दिवाळी झाल्यावर एका सकाळी, बायको रानात गेलेली बघून, त्यानं शेळ्यांच्या गोठ्यात बसायला फळी टाकली. सायकलच्या जुन्या ट्यूबा खांबाला बांधल्या, टोकांना मोडक्या वल्ह्यांच्या मुठी अडकवल्या, गव्हाणीला पाय रेटले आणि ओढायला लागला.

अनसाबाई परतली तेव्हा तो घामानं निथळत होता.

"मरायचंय व्हय तुमास्नी?"

"बसून बी मरतोयच की."

ती भांडत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला ट्यूबांसकट डॉक्टरांपुढं उभं केलं. डॉक्टर आधी तापले. मग त्यांनीच ट्यूबा खिडकीच्या गजाला बांधल्या, वीस वेळा ओढायला लावलं आणि नाडी मोजली.

"रोज पन्नास. वर एक नाही. ओढताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं. दुखलं तर ही गोळी जिभेखाली."

"बोलायचं कुनाशी?" हरिबानं विचारलं.

"माझ्याशी," अनसाबाई म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी ती गोठ्यात धान्य निवडत बसायची आणि त्याला विचारत राहायची. पुरात कवा कवा सापडलात? थोरलीच्या लग्नात का रडला न्हाईत? पंचवीस वर्षांच्या संसारात दोघं एवढं कधी बोलली नव्हती. पुढं डॉक्टरांनी पन्नासाचे शंभर करू दिले.

उन्हाळ्यात एके दिवशी तो नुसतं "व्हय, व्हय" करायला लागला. अनसाबाईनं सूप खाली ठेवलं. "आत्ता मी काय इचारलं?" त्याला सांगता येईना. तिनं मुठी काढून घेतल्या, गोळी दिली. जरा वेळानं तो म्हणाला, "पहाटंधरनं दुखत हुतं. सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"बंद न्हाई. आजच्यापुरतं थांबवलं असतं."

डॉक्टरांनी शंभराचे वीस केले. पुन्हा शंभरापर्यंत चढायला त्याला वर्ष लागलं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीत, पाणी संथ असताना, डॉक्टरांनी एका खेपेची परवानगी दिली. आता नाव रखमाजी चालवायचा. तो शेजारी बसला. हरिबानं एकट्यानं नाव पलीकडं नेली आणि न थकता परत आणली. रखमाजी म्हणाला, "मामा, उद्यापास्नं तुमीच या."

हरिबानं वल्ही त्याच्याकडं दिली. "मला येतंय, त्ये कळलं. पर बारा माणसं बसवून मधी बंद पडलो, तर त्येंनी काय करायचं? नाव तुझी."

घरी जाऊन तो पोटभर जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातल्या ट्यूबा झिजल्या होत्या, त्या त्यानं बदलल्या.