अक्काचं रडणं

भाजलेल्या शेंगांचा वास आला की हळ्ळीखेडच्या आमच्या घरातली रविवारची एक दुपार आठवते. टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा चालू होता. नायिकेचा बाप दार अडवून उभा होता, ती प्रियकरासाठी विनवत होती, आणि माझी थोरली बहीण, आमची अक्का, ओढणीने डोळे पुसत होती. शेंगा सोलता सोलता अप्पा थांबले आणि टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिले. “कामून रडायलीस?” “पिच्चर बघून, अप्पा.” “आमी बी बघायलाव की. आमाला न्हाई आलं रडू. खरं सांग, कोन हाय त्यो?” अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अप्पांना तेवढं पुरलं. तिचं कुणीच नव्हतं. प्रेम माझं होतं, म्हणून तर मी कोरड्या डोळ्यांनी शेंगा खात बसले होते. दुसऱ्या दिवसापासून तिचं बसवकल्याणचं कॉलेज बंद झालं, माझं चालू राहिलं. पुढे मी मनासारखं लग्न केलं, तेव्हा अप्पांची समजूत अक्कानेच घातली. त्या दुपारी तिला सगळं ठाऊक होतं, असा संशय मला आता येतो. विचारायचा मात्र धीर होत नाही.